हृदयदोष असलेल्या बाळाचे बाळंतपण कुठे करावे?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे अजूनही पाळली जाते. सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळजेवण होते आणि मुलगी आईकडे जाते. या रीतीने कित्येक पिढ्यांतील बाळंतिणींना विश्रांती आणि मायेची देखभाल मिळाली आहे. परंतु पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला असेल, तर बाळंतपणाची जागा रीतीवर सोपवून चालत नाही. काही दोषांमध्ये बाळ कोणत्या रुग्णालयात जन्मते यावरच त्याचे पहिले दोन-तीन दिवस अवलंबून असतात.

जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे ८ ते ९ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी २ लाखांहून अधिक बाळे जन्मतात असा अंदाज आहे आणि त्यांपैकी साधारण एक-पंचमांश बाळांना वर्षाच्या आतच शस्त्रक्रियेची किंवा तत्सम उपचाराची गरज पडते. उरलेल्यांत लहान छिद्रांसारखे अनेक दोष असतात, जे काही वेळा आपोआप बुजतात आणि ज्यांच्यामुळे बाळंतपणाच्या बेतात काहीही बदलावे लागत नाही. खरा प्रश्न आहे तो जन्मल्याबरोबर जिवावर बेतणाऱ्या थोड्या दोषांचा. त्यांपैकी एक नीट समजून घेतला, तर जन्मापूर्वीची तयारी म्हणजे नेमके काय, हे लक्षात येते.

निरोगी हृदयात डाव्या बाजूने महाधमनी निघते आणि शुद्ध रक्त शरीराला देते, तर उजव्या बाजूने निघणारी फुप्फुसधमनी अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते. काही बाळांमध्ये या दोन धमन्यांची अदलाबदल झालेली असते. मग शरीराकडून आलेले अशुद्ध रक्त पुन्हा शरीराकडेच जाते आणि फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडे, म्हणजे एकमेकांना न भेटणारे दोन फेरे तयार होतात. आईच्या पोटात याने काहीच बिघडत नाही, कारण तेथे बाळाची फुप्फुसे श्वासाचे काम करत नसतात. प्राणवायू येतो तो वारेतून, नाळेवाटे. शिवाय हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात एक झरोका असतो आणि दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी ‘डक्टस आर्टेरिओसस’ नावाची एक छोटी वाहिनीही उघडी असते. म्हणूनच असे बाळ बहुधा चांगल्या वजनाचे जन्मते, रडते आणि पाहणाऱ्यांना अगदी सुदृढ वाटते.

नाळ कापली की वारेचा आधार संपतो. निसर्गक्रमाप्रमाणे झरोका मिटू लागतो, आणि ती छोटी वाहिनी बहुतेक बाळांमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच आकुंचन पावून बंद होते. इतर बाळांना जे हितकारक तेच या बाळाला घातक ठरते. दोन फेऱ्यांमध्ये रक्त मिसळण्याच्या वाटा अरुंद होत जातात, ओठ आणि जीभ निळसर पडू लागतात आणि केवळ प्राणवायू देऊन हा निळेपणा जात नाही.

हा दोष जन्माआधी कळू शकतो, पण तो सहज निसटतोही. सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे दिसले की हृदय ठीक असल्याचे समजले जाते. धमन्यांच्या अदलाबदलीत मात्र हे चारही कप्पे बहुधा व्यवस्थित असतात. दोष दिसतो तो हृदयातून बाहेर पडणाऱ्या धमन्या पाहिल्यावर: एरवी एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या या धमन्या येथे समांतर धावताना दिसतात. त्यामुळे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या अ‍ॅनोमली स्कॅनच्या वेळी ‘दोन्ही धमन्या पाहिल्या का?’ एवढे विचारायला कुणीही संकोच करू नये. शंका आली तर बाळाच्या हृदयाची सविस्तर तपासणी, म्हणजे फीटल इको, त्या विषयातील तज्ज्ञांकडून करून घ्यावी लागते.

आधी कळल्याने खरोखर फरक पडतो का, याचे एक बोलके उत्तर पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. धमन्यांची अदलाबदल असलेल्या ज्या २५० बाळांचे निदान जन्मानंतर झाले, त्यांपैकी १५ बाळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याआधीच दगावली. ज्या ६८ बाळांचे निदान पोटात असतानाच झाले होते, त्यांपैकी या काळात एकही दगावले नाही. दोष तोच होता. फरक होता तो बाळाची वाट पाहणाऱ्या तयारीचा.

ही तयारी म्हणजे सर्वप्रथम जागेची निवड. प्रसूतिगृह, नवजात अतिदक्षता कक्ष आणि बालहृदयरोग विभाग एकाच आवारात किंवा अगदी जवळ असतील, अशा ठिकाणी बाळंतपण व्हावे. जन्मानंतर निळे पडलेले बाळ रुग्णवाहिकेतून दीडशे किलोमीटर नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच त्या शहरात नेणे कितीतरी सुरक्षित असते. केवळ हृदयदोषासाठी सिझेरियन करण्याची बहुधा गरज नसते, आणि घाईने लवकर प्रसूती केल्याने हानीच होते; दुसरी काही अडचण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ देणे श्रेयस्कर मानले जाते. मात्र कळा सुरू झाल्यावर प्रवास करावा लागू नये म्हणून दोन-तीन आठवडे आधीच रुग्णालयाजवळ मुक्काम हलवणे शहाणपणाचे आहे.

जन्मल्यावर बाळाच्या शिरेतून प्रोस्टाग्लँडिन हे औषध सुरू करता येते. आईच्या पोटात असताना याच जातीच्या द्रव्यामुळे ती छोटी वाहिनी उघडी राहिलेली असते, आणि १९७० च्या दशकात हे ओळखूनच त्याचा उपयोग नवजात बाळांसाठी सुरू झाला. या औषधाने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून कृत्रिम श्वासाची सोय हाताशी असल्याशिवाय ते देणे धोक्याचे असते. वरचा झरोका फार लहान असेल तर शिरेतून हृदयात नेलेला एक चिमुकला फुगा फुगवून झटक्याने मागे ओढतात आणि तो झरोका मोठा करतात. हा उपाय विल्यम रॅशकाइंड यांनी १९६६ साली फिलाडेल्फियात मांडला. कायमचा इलाज म्हणजे धमन्या मूळ जागी आणून जोडण्याची शस्त्रक्रिया. ती ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली. यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही हलवून नव्या जागी शिवाव्या लागतात. हृदयाचा डावा कप्पा फुप्फुसांच्या कमी दाबाला सरावून दुबळा होण्याआधी, म्हणजे साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, ती व्हावी लागते. अनुभवी केंद्रांत आज ९५ टक्क्यांहून अधिक बाळे या शस्त्रक्रियेतून वाचतात.

घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या असल्या तरी आयत्या वेळी त्यांचीच धावपळ होते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ते रुग्णालय येते का, हे तेथील आरोग्यमित्राला आधीच विचारावे आणि शिधापत्रिका, आधार ही कागदपत्रे जवळ ठेवावीत. रक्त लागले तर कोण देणार, बाळ अतिदक्षता कक्षात गेल्यावर त्याच्याबरोबर कोण आणि आईजवळ कोण थांबणार, हेही ठरलेले असावे. आईला पहिल्या दिवशी बाळ कदाचित कुशीत घेता येणार नाही. पण तिने काढून दिलेले दूध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बाळाला देता येते. मध किंवा घुटी मात्र कुणीही प्रेमापोटीसुद्धा चाटवू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. निदान झाल्यावर ग्रहणात भाजी चिरली होती का, कुठे घसरली होतीस का, असे प्रश्न गर्भवतीला विचारले जातात आणि ती ते मुकाट्याने मनाला लावून घेते. बाळाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच आकाराला येते, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचे नीट उमगण्याच्या सुमारास. आईचा आधीपासूनचा मधुमेह, सुरुवातीला झालेला रुबेला, काही औषधे अशी थोडी कारणे माहीत आहेत. बहुतेक बाळांमध्ये एकच एक कारण सापडत नाही, आणि ग्रहणाचा तर काहीही संबंध नाही.

माहेरच्या मायेलाही या बेतात जागा आहे. रुग्णालयाजवळ एखादी खोली घेऊन मुलीच्या आईनेच तेथे येऊन राहावे, डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर तिथेच करावी, आणि बाळ अतिदक्षता कक्षातून बाहेर येईपर्यंत बाळंतिणीच्या उशाशी बसावे.