युधिष्ठिराचा कुत्रा खरंच स्वर्गात गेला का?

‘युधिष्ठिर आपल्या लाडक्या कुत्र्याला घेऊन स्वर्गात गेला’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. महाभारताच्या सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वातली कथा मात्र वेगळी आहे.

तो कुत्रा पाळलेला नव्हताच. पाच पांडव आणि द्रौपदी राज्य सोडून हस्तिनापुराहून अखेरच्या प्रवासाला निघाले, तेव्हा तो आपणहून सातवा सोबती झाला. वाटेत एकेक जण कोसळला. कुत्रा मात्र शेवटपर्यंत युधिष्ठिराच्या पाठोपाठ चालत राहिला. मग इंद्र रथ घेऊन आला. कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, म्हणाला. भावांना सोडलंस, तर याला का नाही? युधिष्ठिराचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: ते मेल्यावर मी त्यांना सोडलं, जिवंतपणी नाही. जीव लावणाऱ्याला टाकणं त्याच्या लेखी ब्रह्महत्येइतकं पाप होतं.

तेव्हा कुत्र्याच्या जागी साक्षात धर्म, युधिष्ठिराचा पिता, प्रकटला. पूर्वी द्वैतवनात धर्मानेच यक्षाच्या रूपात युधिष्ठिराची परीक्षा घेतली होती, तशीच हीही परीक्षा होती. म्हणजे रथात चढताना सोबत कुत्रा नव्हताच. पण युधिष्ठिराला हे आधी ठाऊक नव्हतं. स्वर्ग नाकारताना त्याच्यापुढे होता तो फक्त एक कुत्रा.