पर्सनल लोनमध्ये जास्तीचे पैसे भरताय? आधी हे वाचा

दिवाळीचा बोनस आला, भिशी लागली, उसाचं बिल जमा झालं की आमच्या ऑफिसमध्ये बरेच जण विचारायला येतात, हातात पन्नास हजार आहेत, लोनमध्ये टाकू का? आमचं उत्तर बहुतेक वेळा "टाका" असंच असतं, पण ते पैसे कसे टाकले आणि बँकेला काय लिहून दिलं यावरच ठरतं की तुमचे पंधरा हजार वाचणार की चौतीस.

आपल्या एका कस्टमरनी साठ हजार रुपये ज्या सेव्हिंग खात्यातून हप्ता कटतो त्यात भरून ठेवले आणि त्यांना वाटलं लोन तेवढं कमी झालं. बँक दर महिन्याला त्यातून नेहमीचा हप्ता कापत राहिली, बाकी काही नाही. आठ महिन्यांनी स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं की मुद्दलाला त्या पैशाचा काहीच फायदा झालेला नाही. फार वाईट वाटलं आम्हाला, कारण कष्टाचे पैसे होते आणि एक अर्ज दिला असता तर काम झालं असतं.

आता हिशोब बघू. ५ लाखाचं लोन, १४ टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता येतो साधारण ११,६३४ रुपये. पहिल्याच हप्त्यातले ५,८३३ रुपये व्याजात जातात. वर्षभर हप्ते भरले म्हणजे जवळपास १ लाख ४० हजार दिले, पण मुद्दल कमी झालं फक्त ७४ हजारांनी, अजून सव्वाचार लाखाच्या वर बाकी आहेच. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं म्हणून सुरुवातीला ते जास्त असतं, आणि म्हणूनच जास्तीचा पैसा जितका लवकर टाकाल तितका तो जास्त काम करतो.

ह्याच लोनमध्ये १२ हप्त्यांनंतर ५० हजार टाकले आणि हप्ता तोच ठेवला तर उरलेल्या ४८ ऐवजी ४१ हप्त्यांत लोन संपतं, शेवटचा हप्ता पण छोटा, आणि व्याज वाचतं ३४ हजारांच्या आसपास. तेच ५० हजार टाकून मुदत तशीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता होतो साधारण १०,२६८ पण वाचतात फक्त साडेपंधरा हजार. आणि चार वर्षं झाल्यावर ५० हजार टाकले तर? सहा हजार दोनशेच्या आसपास, बस्स. घरखर्चाची खरंच ओढाताण असेल तर हप्ता कमी करा, त्यात काही चूक नाही, पण जमत असेल तर मुदतच कमी करून घ्या. अर्जात स्पष्ट लिहा, "ही रक्कम पार्ट पेमेंट म्हणून मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." ॲपमधून भरत असाल तर पार्ट पेमेंटचाच पर्याय निवडा, ॲडव्हान्स हप्त्याचा (म्हणजे पुढचे हप्ते आधी भरण्याचा) नको, आणि आठवड्याभरात हप्त्यांचं नवीन वेळापत्रक मागून घ्या, ते हातात आलं की समजायचं काम झालं.

जास्तीचे पैसे भरण्यावर बँक काय चार्ज लावते ते आधी विचारा. काही ठिकाणी पहिले ६ किंवा १२ हप्ते होईपर्यंत जास्तीचे पैसे घेतच नाहीत, काही ठिकाणी वर्षातून ठराविक वेळाच घेतात, आणि चार्ज लावला तर त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. समजा ४ टक्के चार्ज आहे, तर ५० हजारावर २,००० अधिक ३६० म्हणजे २,३६० रुपये गेले. चौतीस हजार वाचत असतील तर हे काहीच नाही, पण शेवटच्या वर्षात सहाच हजार वाचत असतील तर दोनदा विचार करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा रिन्यू झालेल्या, फ्लोटिंग (म्हणजे बदलत्या) व्याजाच्या आणि धंद्यासाठी न घेतलेल्या वैयक्तिक लोनवर बँका हा चार्ज लावू शकत नाहीत. पण बहुतेक पर्सनल लोन फिक्स्ड (म्हणजे न बदलणाऱ्या) व्याजाचे असतात, त्यांना ही सूट आपोआप लागू होत नाही हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२४ नंतरचं लोन असेल तर त्यासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' (लोनच्या मुख्य अटींचा आणि खर्चाचा कागद) मिळालेलं असणार, त्यात हे चार्जेस लिहिलेले असतात, नसेल मिळालं तर मागून घ्या.

कोणाला आम्ही थांबा म्हणतो? ज्यांच्याकडे तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला नाही त्यांना. सगळे पैसे लोनमध्ये घालून पुढच्या महिन्यात दवाखाना निघाला की परत महागडं कर्ज काढावं लागतं. आणि क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर आधी ती संपवा, तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, पर्सनल लोनचा नंबर त्यानंतर. घराचं लोन सगळ्यात शेवटी.

पूर्ण लोन बंद करत असाल तर ज्या दिवशी पैसे भरणार त्याच तारखेचं फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र) घ्या, कारण व्याज रोज चढतं. नंतर नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नाही असा दाखला) घ्या, दिलेले चेक परत मागा, खात्यातून हप्ता कटायची परवानगी रद्द करा. महिना-दीड महिन्याने सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, बघा (वर्षातून एकदा फुकट मिळतो), तिथे 'क्लोज्ड' दिसलं पाहिजे, 'सेटल्ड' दिसलं तर लगेच बँकेला लेखी कळवा, कारण सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत असा अर्थ होतो. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र सहकार खात्याकडे, म्हणजे निबंधकांकडे जावं लागतं.

ऑफिसला येताना लोनचं ताजं स्टेटमेंट आणि मंजुरीचं पत्र घेऊन या, समोर बसून तुमच्या लोनचा हिशोब काढून देऊ, अर्जाचा मराठी नमुना पण इथेच मिळेल, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.