रीजन्सी हवेलीतला ख्रिसमस : कादंबरीमागचा काळ

इंग्लंडच्या खेड्यातली जमीनदाराची हवेली, बाहेर बर्फ, आत अडकून पडलेले पाहुणे आणि सहा जानेवारीच्या आत जुळणारे लग्न. इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा हा ठरलेला साचा. काळ बहुधा रीजन्सीचा, म्हणजे 5 फेब्रुवारी 1811 ते 29 जानेवारी 1820. आजारी तिसऱ्या जॉर्जच्या वतीने युवराजाने कारभार पाहिला, ती जेमतेम नऊ वर्षे.

गंमत अशी की, कथा रीजन्सीतली असते आणि सण मात्र व्हिक्टोरियाच्या काळातला. तिसऱ्या जॉर्जच्या राणी शार्लटने 1800 च्या डिसेंबरात विंडसरला मुलांसाठी यू जातीचे झाड सजवले होते, पण ती जर्मन माहेरची हौस. झाडाचे वेड पसरले ते 1848 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने व्हिक्टोरिया-अल्बर्टच्या झाडाचे चित्र छापल्यानंतर. हेन्री कोलचे पहिले छापील शुभेच्छापत्र 1843 चे, आणि दोन्हीकडून ओढल्यावर फटकन वाजणारे कागदी क्रॅकर तर त्याहूनही नंतरचे. 1815 सालच्या नायिकेच्या हाती यातले काहीही दिले, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

तेव्हा घरात यायचा तो हिरवा पाला : हॉली, आयव्ही, रोझमेरी. तोही 24 डिसेंबरला. त्याआधी आणणे अशुभ. वेताच्या किंवा तारेच्या कड्यांना पाला गुंडाळून, सफरचंदे बांधून, खाली मिसलटोची जुडी लटकवलेला झुंबरासारखा गोळा छताला टांगत. मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचा भाऊबंद. तो मुख्यतः हेरफर्डशर-वूस्टरशरकडच्या सफरचंदाच्या बागांत वाढतो, उत्तरेकडे दुर्मीळ. त्यामुळे यॉर्कशरच्या हवेलीत तो कोणी, कुठून आणला हे लेखिकेने सांगायला हवे. मिसलटोखाली चुंबनाची मुभा असे; प्रत्येक चुंबनामागे त्याचे एक फळ तोडायचे, फळे संपली की मुभा संपली, हा नियम तर आयता प्रसंगच.

प्लम पुडिंग फडक्यात बांधून उकडत. फडके आधी उकळत्या पाण्यातून काढून पिठाने माखायचे, फुगायला जागा ठेवून गाठ मारायची आणि पाच-सहा तास उकळी मोडू द्यायची नाही. मध्ये गार पाणी ओतले, की आत पाणी शिरून गोळ्याचा लगदा होतो.

पण सणाचा कळस 25 ला नव्हेच; तो 6 जानेवारीच्या आसपास, ट्वेल्फ्थ नाइटला, म्हणजे ख्रिसमसनंतरच्या बाराव्या रात्री. पूर्वी केकमध्ये घेवड्याचा दाणा सापडेल तो राजा आणि वाटाणा सापडेल ती राणी. रीजन्सीत चिठ्ठ्या काढून पात्रे वाटत आणि मध्यरात्रीपर्यंत ती वठवावी लागत. एरवी चारचौघांत दोन वाक्येही न बोलू शकणाऱ्या तरुण-तरुणींना याहून चांगली सबब कुठली?

शेजारच्या हवेल्यांतले नाच शक्यतो पौर्णिमेच्या आगेमागे ठेवत. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. अंधाऱ्या, गोठलेल्या रस्त्यावर बग्गी हाकणे धोक्याचे.

लग्नाच्या हिशेबात मात्र निम्म्या कादंबऱ्या गडगडतात. 1753 च्या हार्डविक कायद्याप्रमाणे चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा वाचली जाई. 25 डिसेंबर ते 6 जानेवारीत रविवार येतात फार तर दोन. बिशपचा परवाना काढला, तर दोघांपैकी एकाचे त्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, चार आठवडे वास्तव्य हवे, आणि वय 21 च्या आत असेल तर पालकांची संमती. लग्न सकाळी आठ ते बारामध्ये, चर्चमध्येच. कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना मिळाला तरच दिवाणखान्यात, हव्या त्या वेळी. तो साधारणपणे उमराव, बॅरोनेट (पिढीजात ‘सर’), न्यायाधीश, खासदार अशांनाच. कादंबऱ्यांत नायक ड्यूक का असतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरला स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनचा रस्ता : लंडनहून सुमारे 500 किलोमीटर, तोही ऐन हिवाळ्यात.

नायकाचा पैसा पुष्कळदा हिंदुस्थानातून येतो, आणि ते खोटे नाही. ग्लॉस्टरशरमधली घुमटाची सेझिनकोट हवेली कंपनीच्या चाकरीत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलने बांधली. आर्थर वेलस्लीला (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) किटी पॅकनमच्या घरच्यांनी आधी नाकारले होते. 1803 ची असईची लढाई जिंकून, पैसा आणि नाइटपद घेऊन तो परतला, तेव्हा 1806 मध्ये लग्न झाले. ते सुखाचे ठरले नाही, म्हणून कादंबरीकार लग्नापाशीच थांबतात.

अशा नायकाच्या बाबतीत समुद्रप्रवास मोजावा लागतो. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला पाच-सहा महिने लागत. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला लढलेला कॅप्टन त्याच ख्रिसमसला हवेलीत नाचू शकत नाही. त्या लढाईची बातमीसुद्धा तोवर तिथे पोचलेली नसते.