अंतराधारित रस्ता आकारणी

वाहनाने प्रत्यक्ष कापलेल्या किलोमीटरांनुसार, आणि अनेक ठिकाणी त्याचे वजनही विचारात घेऊन, रस्तावापराचे शुल्क घेण्याची पद्धत. इंधनकराला पर्याय म्हणून ती पुढे आली. इंधनकर विक्रीच्या किमतीतच वसूल होत असल्याने चालकाला वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही, ही त्याची मोठी सोय होय. मात्र विजेवरील वाहन तोच रस्ता वापरूनही हा कर भरत नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये पहिला इंधनकर लावणाऱ्या ऑरेगन राज्यानेच २०१५ मध्ये मैलामागे दीड सेंट आकारणारी ऐच्छिक योजना सुरू केली. न्यूझीलंडमध्ये डिझेल वाहनांचे मालक १,००० किलोमीटरांच्या पटीत परवाना आगाऊ विकत घेतात. एप्रिल २०२४ पासून तेथील विजेवरील मोटारींनाही तो घ्यावा लागतो.

भारतात सप्टेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गांवर उपग्रहाधारित पथकराची तरतूद केली असून तीत रोज प्रत्येक दिशेला पहिले २० किलोमीटर मोफत आहेत. हा पथकर इंधनावरील करांच्या जोडीचा आहे, त्यांची जागा घेणारा नव्हे.

इंधनकर आणि प्रत्यक्ष रस्तावापर यांचा मेळ न बसण्याच्या प्रश्नाला गोव्यात सीमेमुळे वेगळे वळण मिळते. मनोहर पर्रीकर सरकारने २०१२ मध्ये पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले. पुढे हा कर वाढला, तरी बांदा-सावंतवाडीकडील गाड्या गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीला येऊन टाकी भरून नेतात. त्यांचा कर गोव्याच्या तिजोरीत जातो आणि झीज सिंधुदुर्गातील रस्त्यांची होते. उलट, बाहेर डिझेल भरून पत्रादेवी ते पोळे असा गोवा ओलांडणारा मालट्रक गोव्याला इंधनावर काहीच देत नाही.

अंतराधारित आकारणीने ही विसंगती दूर होऊ शकते, परंतु गाडीतील किलोमीटरचा काटा एकूण अंतर सांगतो. ते कोणत्या राज्यात कापले, हे सांगत नाही. केवळ काट्यावर विसंबल्यास म्हापशाहून बेळगावला जाणारा गोमंतकीय कर्नाटकातील किलोमीटरांचेही पैसे गोव्याला देईल. गाडीचे ठिकाण टिपणारे उपग्रह-यंत्र ही अडचण सोडवते, पण प्रत्येक फेरीची नोंद दुसऱ्याच्या हाती देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलेला असल्याने, यंत्राने राज्यातील किलोमीटरांची बेरीज तेवढी कळवावी आणि मार्ग साठवू नये, ही अट कायद्यातच असणे आवश्यक ठरते. दोडामार्गाहून कामासाठी रोज गोव्यात येणाऱ्या दुचाकीस्वाराला सवलत द्यावयाची की नाही, हेही दर ठरवतानाच स्पष्ट करावे लागेल.