माग बदलला, गादी तीच

यंत्रमागवाल्यांच्या कर्जाच्या फायली करण्यात माझी बरीच वर्षं गेली. प्रत्येक फायलीत एक वाक्य ठरलेलं: ‘उद्योजक बदल स्वीकारणारे आहेत.’ ते मीच लिहितो. खाली रॅपियर, म्हणजे बिनधोट्याच्या आधुनिक मागांचं कोटेशन जोडलं की बँकेलाही तेवढा पुरावा पुरतो. नवा माग घेणं आणि बदल स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा कळलं. तेही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये उभं राहून.

शेड टेरी टॉवेलची. धोट्याचे जुने माग भंगारात घालून मालकांनी रॅपियर बसवले होते. मी गेलो तेव्हा चार नंबरचा माग बंद, वर लाल दिवा, आणि मागवाला शेजारी हाताची घडी घालून उभा. एकाच कोनाची (सुताच्या गुंडाळीची) तार, म्हणजे धागा, सारखी तुटत होती. दुसऱ्या लॉटचं सूत लावायचं, तर गोदामाची किल्ली मालकांच्या खिशात आणि मालक लग्नाला. “फोन केलाय की. आलो म्हणालेत,” तो म्हणाला. पाऊण तास दिवा जळत होता.

माग नवा होता. किल्लीची रीत धोट्याच्या काळातली.

ती रीत मुळात चुकीची नव्हती, हे आधी सांगायला हवं. धोट्याचा माग तासभर थांबला तर फारसं बिघडत नसे. त्याचं कर्ज कधीच फिटलेलं असायचं, आणि सूत इकडेतिकडे जाण्याची भीती खरी होती. रॅपियर थांबला तरी हप्ता थांबत नाही. यंत्र जितकं महाग, तितकं त्याचं उभं राहणं महाग. जुनी शिस्त नव्या यंत्रावर तशीच चालवली की तोटा आपणच विकत घेतलेला असतो, वर व्याज देऊन.

यंत्र घेणं त्या मानानं सोपं. 1999 साली केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, तिला सगळे ‘टफ’ म्हणायचे. सुरुवातीला व्याजात 5 टक्क्यांची सवलत होती. कोटेशन, फाइल, मंजुरी, नारळ, पेढे. या सगळ्यात मालकाला स्वतःचं काही सोडावं लागत नाही. पैसा सुटतो, पण तोही बँकेचा. बदल स्वीकारताना मात्र एखादी किल्ली, एखादी सही, ‘मला विचारल्याशिवाय नाही’ हे एखादं वाक्य हातातून जातं. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर शेडमध्ये काय आलं ते बघू नका, मालकाच्या गादीवरून काय उठलं ते विचारा.

चादरीत हे अजून स्पष्ट दिसतं. जेकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर, नक्षी उतरते ती पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून. भोक असेल तर तार उचलली जाते, नसेल तर नाही. नवी नक्षी म्हणजे पत्त्यांचा नवा संच, त्याची मजुरी, बसवायला वेळ. त्यामुळे एकदा मोर बसवला की वर्षानुवर्षं मोरच विणायचा आणि गोदाम भरायचं, यात शहाणपण होतं. इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर पत्ते गेले, फाइल आली. नक्षी काही मिनिटांत बदलते. (ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, बीमचे रंग मात्र तेच राहतात. ‘बटण दाबलं की नवी चादर’ असं विकणारे सांगतात, त्यातलं निम्मंच खरं.) आता थोड्या-थोड्या नगांची ऑर्डर घेता येते, लॉजला त्याचं नाव विणून देता येतं. तरीही मी असे मालक पाहिलेत, जे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड घेऊन तोच मोर विणतात आणि गोदाम भरलं की दर पाडतात. यंत्रानं दिलेली सोय त्यांनी उघडूनच बघितली नाही.

जपानचं एक उदाहरण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या प्रत्येक मागवाल्यानं ऐकावं असं आहे, कारण ते मागाचंच आहे. साकिची तोयोदा या माणसानं 1924 मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला. तार तुटली की तो आपोआप थांबायचा. त्यामुळे मागापाशी डोळे लावून बसायची गरज उरली नाही आणि एक कामगार कितीतरी माग सांभाळू लागला. 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं एक लाख पौंडांना घेतले. पुढे मुलानं मोटारी काढल्या, तीच टोयोटा. माग सोडून मोटारी, याला सगळे बदल म्हणतात. मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. ‘बिघाड दिसला की थांब’ ही मागाची अक्कल त्यांनी कारखान्यात माणसाच्या हाती दिली. डोक्यावर दोरी, कामगारानं ओढली की मुकादम धावत येतो, अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. माग कुणालाही विकत घेता येतो. दोरी टांगायला मालकाची छाती लागते.

याचा अर्थ जुनं ते सगळं टाका असा नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी ती जाड सुती वीण धरून ठेवणं हा हट्ट नव्हे. पण मानांकन नावाची राखण करतं, विक्रीची नाही. ‘आपली चादर आहेच’ म्हणत गादीवर बसून राहणाऱ्याला ते वाचवणार नाही.

तर ती टॉवेलची शेड. पाऊण तासाचा हिशेब मी कागदावर मांडून दिला, तेव्हा मालक, म्हणजे अण्णा, चिडले. आठवड्यानं मात्र त्यांनी किल्ली मुकादमाकडे दिली आणि प्रत्येक मागाशेजारी खिळ्याला एक वही अडकवली: माग का थांबला, ते मागवाल्यानंच लिहायचं. पहिले पंधरा दिवस सगळ्या पानांवर एकच शब्द, ‘तार’. मग चार नंबरवाल्यानं धीर करून लिहिलं, ‘निळ्या लेबलचं सूत लावलं की तुटते.’ बाकीच्यांनीही तेच लिहायला सुरुवात केली.

निळ्या लेबलचं सूत अण्णांच्या सोयऱ्याकडून यायचं, किलोमागे थोडं स्वस्त. खरेदी अण्णा स्वतः करायचे, त्यात मुलालाही बोलू देत नसत. दिवाळीनंतर त्यांनी ते बंद केलं. सोयऱ्यानं पुढच्या लग्नाची पत्रिका पाठवली नाही. वह्या अजून खिळ्याला आहेत.