सातने भागताना उरणाऱ्या बाक्या

१४२८५७ ही संख्या समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असते आणि दर वेळी तिला ‘दैवी’, ‘विश्वाचं गूढ’ असली विशेषणं चिकटलेली असतात. संख्या सुंदर आहे, यात वादच नाही. २ ने गुणा, २८५७१४ येतात. ३ ने गुणा, ४२८५७१. ४, ५, ६ ने गुणलं तरी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून. आणि ७ ने गुणलं की एकदम ९९९९९९! पण हे कोडं सोडवायला शाळेतला भागाकार पुरतो.

१ ला ७ ने भागा. भाग जात नाही म्हणून शून्य देऊन १० करा. सात एके सात, बाकी ३. शून्य दिलं, ३० झाले. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. २० मध्ये सात दुणे चौदा, बाकी ६. ६० मध्ये सात आठे छप्पन्न, बाकी ४. ४० मध्ये सात पाचे पस्तीस, बाकी ५. ५० मध्ये सात साते एकोणपन्नास, बाकी १. पुन्हा १ आला, म्हणजे सगळं पहिल्यापासून: ०.१४२८५७१४२८५७…

आता उत्तर बाजूला ठेवा आणि फक्त बाक्या बघा: १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना शून्य सोडून एवढ्या सहाच बाक्या शक्य असतात आणि इथे सहाही एकेकदा येऊन गेल्या. सगळी किल्ली इथेच आहे. ३/७ काढायचे तर आपण ३ पासून सुरुवात करतो. पुढचा रस्ता ठरलेलाच, म्हणून ४२८५७१. बाकी ६ पासून निघालो की ६/७, म्हणजे ८५७१४२. संख्येचे मधोमध दोन तुकडे केले तर १४२ + ८५७ = ९९९ का होतात, तेही यातूनच कळतं: तीन पायऱ्यांनंतर बाकी ६ उरते, तिथून ६/७ चे अंक सुरू होतात आणि १/७ व ६/७ मिळून पूर्ण १, अर्थात ०.९९९… होतो.

हिचा वर्गही बघण्यासारखा आहे: २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना गणिती द. रा. कापरेकरांच्या नावावरून कापरेकर संख्या म्हणतात.

हा सगळा खेळ ७ आणि १० यांच्या नात्याचा आहे. आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून तो दिसतो. आठच्या पायावर, म्हणजे फक्त ० ते ७ हेच अंक वापरून १/७ लिहिला तर ०.१११… इतकंच उरतं, चक्र गायब! मोजण्याची पद्धत बदलताच जे नाहीसं होतं, त्यावरून माणसाचं भविष्य सांगणाऱ्या अंकज्योतिषाला काय अर्थ आहे?

सगळ्या मूळ संख्या सातसारख्या वागत नाहीत. १३ ने भागताना बारा बाक्या शक्य असतात, पण त्या सहा-सहाच्या दोन चक्रांत वाटल्या जातात: ०७६९२३ आणि १५३८४६. १७ मात्र सोळाही बाक्या फिरून येते: ०५८८२३५२९४११७६४७. पहिलं शून्य धरायलाच हवं. शंभराच्या आत अशा नऊ मूळ संख्या आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. त्या अनंत आहेत, असं १९२७ साली गणिती एमिल आर्टिन यांनी मांडलेल्या अटकळीतून निघतं. १९६७ मध्ये ख्रिस्तोफर हूली यांनी ती सिद्ध केली खरी, पण मूळ संख्यांच्या वाटणीशी जोडलेल्या, रीमान यांच्या गृहीतकाचं व्यापक रूप खरं मानून. ते गृहीतक अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.