गोव्यातील शाळा, शिक्षक आणि समान शिक्षणाचा प्रश्न : पार्श्वभूमी

गोव्यातील शैक्षणिक विषमतेची चर्चा बहुधा शिक्षण मराठी, कोंकणी की इंग्रजी माध्यमातून द्यावे या वादापाशी येऊन अडते. तो वाद गौण नाही. मात्र त्याच्या गदारोळात दुसरा एक प्रश्न मागे पडला. निरनिराळ्या घरांतून, निरनिराळी बोली घेऊन आलेली मुले एकाच वर्गात बसू लागल्यावर त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोण उभे राहिले?

पोर्तुगीज अमदानीत हा प्रश्न उद्भवण्याइतकी मुलेच शाळेत नव्हती. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेवर बंदी आणली होती. १८५४ मध्ये पणजीत लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, सुरू झाले, तरी पोर्तुगीज माध्यमामुळे त्याचा लाभ प्रामुख्याने सुस्थित कुटुंबांनाच झाला. खेड्यातील हिंदू मुलगा शिकलाच, तर देवळाच्या आवारात किंवा एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) ओसरीवर भरणाऱ्या खासगी मराठी शाळेत शिके. अक्षरओळख, पाढे आणि हिशेब एवढाच तेथील अभ्यास असे, आणि त्या ओसरीवर कोणाच्या मुलाने चढावे हे जात ठरवत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी समाजानेच पुढाकार घेतला. १९०८ मध्ये पणजीत घरोघरच्या मूठभर तांदळावर मुष्टिफंड संस्था उभी राहिली आणि १९११ मध्ये फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना समान नागरी हक्क दिल्यानंतर अशा प्रयत्नांना मोकळीक मिळाली. तरीही मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाचे, मूल शाळेत दिसणे हा अपवादच राहिला.

खरा पालट १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर झाला. डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांत मराठी शाळांची संख्या मोठी होती. बहुजन समाजाचे मूल प्रथमच सरकारी पाटीखाली बसले, हे त्या सरकारचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल. शाळा इतक्या वेगाने निघाल्या की शिक्षक तयार करण्याची यंत्रणा तेवढ्या वेगाने उभी राहू शकली नाही, आणि शेजारच्या महाराष्ट्रातूनही शिक्षक आणावे लागले. घरी कोंकणी बोलणारे, गावडा किंवा वेळीप या आदिवासी समाजांतले मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडत होते. दोन भाषांमधला सांधा कसा जुळवावा हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने शिकायचे, असाच एकूण प्रकार होता. अनेक शिक्षकांनी तो उत्तम जुळवला, परंतु त्यांच्या युक्त्या त्यांच्याबरोबरच निवृत्त झाल्या. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश व्हायला २००३ साल उजाडावे लागले.

१९७५ मध्ये माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आले, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि १९८७ मध्ये राजभाषा कायद्यापाठोपाठ घटकराज्याचा दर्जा मिळाला. पुढे १९९० च्या सुमारास प्राथमिक स्तरावर केवळ प्रादेशिक भाषांतील शाळांनाच अनुदान द्यायचे असे ठरले, तेव्हा चर्च संस्थांच्या अनेक इंग्रजी शाळांनी कोंकणी माध्यम स्वीकारले. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाल्यावर वाद पुन्हा पेटला. या साऱ्या काळात अनुदान कोणाला द्यावे यावर मोर्चे निघाले, मंत्रिमंडळे हादरली. अनुदानित वर्गात मागे पडणाऱ्या मुलासाठी शिक्षकाला काय हवे, याची चौकशी मात्र क्वचितच झाली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरले. गोव्यात अडचण उलट दिशेने आली. जन्मदर घटला, पालक अनुदानित शाळांकडे वळले, त्या शाळांच्या मुलांची ने-आण करणाऱ्या ‘बालरथ’ बसगाड्या धावू लागल्या आणि वाड्यावरची सरकारी शाळा रिती होत गेली. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत एकशिक्षकी शाळा नवलाची नाही. अशा शाळेत बाई पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला बसवतात, चौथीला फळ्यावर गणित घालून देतात, मध्येच स्वयंसाहाय्य गटाने पाठवलेल्या पाव-भाजीची नोंद करतात, आणि निवडणूक आली की मतदार यादीचे कामही त्यांच्याच गळ्यात पडते. कायद्याच्या २७ व्या कलमाने अशैक्षणिक कामे वर्ज्य केली असली, तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना तेथेच सूट आहे. वास्को परिसरात प्रश्नाचे रूप निराळे आहे : तेथे स्थलांतरित मजुरांच्या घरची कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुले मराठी वा कोंकणी वर्गात येतात. करोनाकाळात सांग्यातील मुले मोबाइलच्या रेंजसाठी डोंगर चढू लागली, तेव्हा पणजीतल्या आणि आतल्या गावांतल्या शाळांमधले अंतर सर्वांच्याच नजरेस आले.

शिक्षकाला मदत करण्याची जबाबदारी आज पर्वरीतील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना यांच्यावर आहे. दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षकही नेमले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. ती रास्त आहे. मात्र एकशिक्षकी शाळेतील बाई प्रशिक्षणासाठी पर्वरीला गेल्या, की त्या दिवशी चार वर्ग कोणी सांभाळायचे याची सोय केल्याशिवाय हे तास सर्वाधिक गरज असलेल्या शिक्षकाच्या वाट्याला येणार नाहीत. लहान शाळा शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा सरकारचा पर्याय ही अडचण अंशतः दूर करतो, पण ज्या वाड्यावर बस जात नाही तेथील सहा वर्षांच्या मुलाला तो शाळेपासून आणखी दूर नेतो.